खान्देशच्या उन्हात व्हाइट वाइन कशी सांभाळायची, कशी प्यायची आणि कशासोबत

व्हाइट वाइनचं एक डोक्यात पक्कं बसवा, मग बाकीचं जमतं. ही बाटली दुधासारखी सांभाळायची, दारूसारखी नाही. व्हिस्कीची बाटली कपाटात दोन उन्हाळे पडून राहिली तरी तिला काही होत नाही, पण व्हाइट वाइनला आपल्या धुळ्या-जळगावची मे महिन्यातली एक दुपार पुरते. मी पाच-सहा वर्षं झाली नाशिककडच्या छोट्या, घरच्याच माणसांनी चालवलेल्या वायनऱ्यांमधून बाटल्या आणतोय, आणि सुरुवातीच्या दोन वर्षांत ज्या बाटल्यांना मी "ठीक आहे, जरा आंबट आहे" म्हणून बाजूला ठेवलं त्या वाइनमध्ये काही खोट नव्हती, त्या मी रस्त्यातच मारल्या होत्या. म्हणून हे सगळं नीट लिहून ठेवतोय, मळ्यापासून ताटापर्यंत.

आधी हे समजून घ्या की ही चीज एवढी नाजूक का असते.

माझ्या मामांचा सटाण्याकडे द्राक्षाचा मळा आहे, खायच्या द्राक्षाचा. लहानपणापासून बघत आलोय, खरड छाटणी, मग गोडी छाटणी, मणी मोठा व्हावा म्हणून जीएचं (जिबरेलिक ॲसिड, वाढीचं संजीवक) डिपिंग म्हणजे घड त्यात बुडवणं, थिनिंग म्हणजे घडातले मणी विरळ करणं, आणि भुरी-डावणी ह्या रोगांसाठी रात्रंदिवस फवारण्या. त्यामुळे दिंडोरीकडे एका कुटुंबाचा वाइनच्या द्राक्षाचा प्लॉट पहिल्यांदा बघितला तेव्हा मामा आणि मी दोघंही चक्रावलो. मणी वाटाण्यापेक्षा जरासे मोठे, आत बिया, घड गच्च, डिपिंगचा पत्ता नाही. मामांनी एक मणी तोंडात टाकला आणि म्हणाले, "हाई काय शे रे भो, यामा खावाले काहीच नही." खायला खरंच काही नाही त्यात, पण रस बघा. खायचं द्राक्ष 17-18 ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) आलं की तोडणी सुरू होते, वाइनचं द्राक्ष 21-23 पर्यंत वेलीवर थांबवतात कारण त्या साखरेचंच यीस्ट पुढे अल्कोहोल करते. आणि नुसती साखर असून भागत नाही, आंबटपणा टिकायला हवा. रात्री गरम असल्या की वेल मण्यातलं आंबटपणा देणारं मॅलिक ॲसिड स्वतःच खर्च करून टाकते, साखर चढते आणि आंबटपणा उतरतो, मग वाइन सपक लागते. नाशिकचा पट्टा समुद्रसपाटीपासून 600 मीटरच्या आसपास, निफाडची जानेवारीतली थंडी तर दरवर्षी पेपरात येते, आणि आपलं तापीचं खोरं 200-250 मीटरवर. म्हणून रावेर-यावलला केळी सोन्यासारखी येते पण व्हाइट वाइनसाठी आपल्याला चांदवडचा घाट चढून जावं लागतं.

पुढचं काम अजून नाजूक. तोडणी पहाटे, ऊन चढायच्या आत. मग प्रेसमध्ये दाबून रस लगेच सालीपासून वेगळा करतात (रेड वाइन सालीसकट आंबवतात, व्हाइट नाही, सगळा मुख्य फरक इथेच), आणि तो रस स्टीलच्या टँकमध्ये 12 ते 16 डिग्रीला दोन-तीन आठवडे हळूहळू आंबतो. टँकला बाहेरून थंड पाण्याचं जॅकेट असतं. टेंपरेचर वर गेलं तर फळाचा सगळा वास हवेत उडून जातो म्हणून त्या घरातला कोणीतरी रात्री दोनला उठून काटा बघतो, आई-बाप-मुलगा-सून पाळ्या लावतात, मी हे डोळ्यांनी बघितलंय. एका बाटलीला साधारण किलो-सव्वा किलो द्राक्ष लागतं. एवढी थंडी त्यांनी महिनोन् महिने जपलेली असते आणि शेवटचे दीडशे किलोमीटर आपल्या हातात असतात.

मळ्यावर जाताना

जानेवारी ते मार्च तोडणीचा हंगाम, तेव्हा गेलात तर प्रेस चालू दिसेल, रसाचा वास अख्ख्या शेडमध्ये भरलेला असतो, पण घरची माणसं कामात गळ्यापर्यंत बुडालेली असतात म्हणून आधी फोन करूनच जा, आणि शक्यतो रविवार टाळा. जो गाडी चालवणार त्याने टेस्टिंग करायचं नाही, हे घरून निघतानाच ठरवा, मालेगावपासून पुढे हायवेवर ट्रकांची रांग असते. सकाळी परफ्यूम मारू नका, पान-तंबाखू-सुपारी तर नकोच, नाकाला आणि जिभेला दुसरं काहीच कळत नाही मग. आणि पोटात काहीतरी असू द्या.

तिथे काय विचारायचं? ही द्राक्षं तुमच्याच प्लॉटची की बाहेरून घेतलेली, कोणत्या महिन्यात तोडली, टँकमध्येच ठेवली की लाकडी पिंपात, आणि यंदाची गेल्या वर्षीपेक्षा कशी आहे. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. मोठ्या कंपनीला दरवर्षी एकच चव द्यावी लागते, घरच्या मळ्याला ते जमतही नाही आणि त्यांनी ते करूही नये असं मला मनापासून वाटतं. अवकाळी झाला, थंडी लांबली, घड कमी लागले, हे सगळं त्या वर्षीच्या ग्लासात उतरतं. शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला तर हे लगेच पटेल.

दोन जाती सगळीकडे मिळतील, शेनिन ब्लाँ आणि सॉविन्यों ब्लाँ. दोन्ही मूळच्या फ्रान्सच्या, ल्वार नदीच्या खोऱ्याशी जोडलेल्या, आणि नाशिकमध्ये त्यांनी पाय रोवले ते राजीव सामंत यांच्या सुला वायनरीमुळे, त्यांच्या पहिल्या वाइन 2000 साली बाजारात आल्या त्या ह्याच दोन जातींच्या. 2001 मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं आणि मग थॉम्पसनशिवाय (खायच्या द्राक्षाची जात) दुसरं काही न लावणारी घरंही हळूहळू ह्यात उतरली. पहिल्यांदा घेत असाल तर शेनिन घ्या, थोडी गोडसर असेल तरी चालेल, लाजू नका. सॉविन्यों दुसऱ्या फेरीला.

लेबलवरचं वर्ष बघायला विसरू नका. ते तोडणीचं वर्ष असतं. युरोपात तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरला होते आणि आपल्याकडे जानेवारी-मार्चला, म्हणजे एकच साल लिहिलेल्या दोन बाटल्यांत आपली बाटली सहा-आठ महिन्यांनी मोठी असते. आपल्याकडची साधी व्हाइट तोडणीपासून दीड-दोन वर्षांत प्यावी, जुनी तितकी भारी हा हिशोब इथे लागू नाही. दुकानात धूळ बसलेली, तीन-चार वर्षांची, उन्हाच्या काचेत मांडलेली बाटली स्वस्तात देतोय म्हणाला तरी हात जोडून परत या.

बिल जपून ठेवा, परमिट काढा आणि वय कायद्यात बसतंय ना ते बघा. नंदुरबार-नवापूरकडच्या लोकांसाठी खास सूचना, पलीकडे गुजरातमध्ये दारूबंदी आहे आणि वाइन त्यातच येते. नवापूरचं रेल्वे स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे, तेव्हा सुरतच्या पाहुण्यांसाठी बाटली न्यायचा विचार मनातसुद्धा आणू नका, त्यांनाच इकडे जेवायला बोलवा.

घरी आणताना

हा भाग मी सगळ्यात जास्त जीव तोडून सांगणार आहे. एका एप्रिलमध्ये मी तीन बाटल्या डिकीत ठेवून निघालो आणि मालेगावला लग्नाची खरेदी होती म्हणून गाडी उन्हात दीड तास उभी राहिली. बंद गाडी आपल्याकडच्या उन्हात आतून 55 डिग्रीच्या पुढे सहज जाते. घरी येऊन बघतो तर एका बाटलीचं बूच दोन-तीन मिलिमीटर वर आलेलं, मानेवर चिकट ओघळ, आणि उघडल्यावर वास उकडलेल्या सफरचंदाचा. ताज्या फळाचं काही उरलंच नव्हतं. ती वाइन बनवणाऱ्या घरच्या काकूंनी दोन महिन्यांपूर्वी मला तो प्लॉट स्वतः फिरून दाखवला होता, त्यामुळे फार वाईट वाटलं, आजही वाटतं.

तेव्हापासून मी असं करतो. औषधवाल्याकडून किंवा मासेवाल्याकडून थर्माकोलचा बॉक्स घ्यायचा, आदल्या रात्री पाण्याच्या दोन-तीन बाटल्या फ्रीजरमध्ये गोठवायच्या, त्या पेपरात गुंडाळून वाइनच्या मध्ये ठेवायच्या आणि बॉक्सला चिकटपट्टी मारायची. बॉक्स डिकीत नाही, मागच्या सीटखाली, एसी लागतो तिथे. मार्च ते जून परतीचा प्रवास संध्याकाळी सहानंतर. जेवायला थांबलात तर बॉक्स सोबत हॉटेलात आत घेऊन जा, कोणी काही म्हणत नाही. डिसेंबर-जानेवारीत एवढं करायची गरज नाही, उन्हात ठेवली नाही म्हणजे झालं.

ठेवताना

फ्रान्समध्ये वूव्रे नावाचं गाव आहे, शेनिनचंच गाव, तिथे कित्येक कुटुंबं मऊ पांढऱ्या दगडात कोरलेल्या गुहांमध्ये बाटल्या ठेवतात, वर्षभर साधारण 12 डिग्री. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारी एकच गोष्ट होती, जुनं धाब्याचं घर, जाड मातीच्या भिंती आणि मधली खोली, जिथे उन्हाळ्यातही गारवा असायचा. तुमच्याकडे असलं घर अजून उभं असेल तर हिवाळाभर बाटल्या तिथे बिनधास्त ठेवा. पण मे महिन्यात तिथेही जमत नाही आणि स्लॅबच्या घरात तर नाहीच, तेव्हा सरळ फ्रीज. दारात नाही ठेवायची, दार सारखं उघडतं आणि बाटली हलत राहते, खालच्या भाजीच्या कप्प्यात आडवी ठेवा, पेपरात गुंडाळून. बूच असेल तर आडवी म्हणजे बूच ओलं राहतं, फिरकीचं झाकण असेल तर उभी ठेवली तरी फरक पडत नाही. लोडशेडिंग असतं त्या गावात फ्रीजमध्ये पाण्याच्या बाटल्या भरपूर भरून ठेवा, दोन-तीन तास लाइट गेली तरी आतला थंडावा धरून राहतो. भर उन्हाळ्यात दोन-तीनपेक्षा जास्त बाटल्या घरात साठवूच नका, हे माझं स्पष्ट मत.

थंड करताना आणि ओतताना

फ्रीज 4-5 डिग्रीवर असतो आणि ते व्हाइटला जरा जास्तच थंड होतं, वास गोठल्यासारखा होतो, नुसतं गार आंबट पाणी पितोय असं वाटतं. सॉविन्योंला 8-10, शेनिनला 10-12 बरं. पुस्तकात लिहितात की वीस मिनिटं आधी फ्रीजबाहेर काढा, पण ते पुस्तक भुसावळला बसून लिहिलेलं नसतं. आपल्याकडे मे महिन्यात पाच-सात मिनिटं पुरेशी, डिसेंबरात पंधरा-वीस.

अचानक पाहुणे आले आणि बाटली गरम आहे, तर बादलीत बर्फ, त्यात पाणी आणि दोन मुठी जाडं मीठ. नुसता बर्फ टाकू नका, खड्यांच्या मध्ये हवा राहते, पाणी असेल तर बाटलीला सगळीकडून थंडी लागते आणि मिठामुळे ते पाणी शून्याच्या खाली उतरतं. पंधरा मिनिटांत काम होतं. फ्रीजरमध्ये टाकून विसरलात तर मात्र धोका, वाइन उणे पाच-सहाच्या आसपास गोठते, फुगते आणि बूच ढकलते किंवा बाटली तडकते. शेतात जेवण असेल आणि बर्फ नसेल तर बाटलीला ओलं फडकं गुंडाळा आणि वाऱ्याला सावलीत ठेवा, आपल्याकडची एप्रिलची हवा एवढी कोरडी असते की माठासारखंच काम करतं, एकदम चिल्ड नाही होणार पण प्यायला बरी होते. जुलैत हा उपाय चालत नाही, हवा दमट असते.

ग्लास महागडा नको पण काचेचा हवा, तोंडाकडे जरा निमुळता, आणि साबणाचा वास न येणारा. एक तृतीयांशच भरा. आपल्याकडे आग्रहाची सवय आहे, ग्लास काठोकाठ भरला की वाढणाऱ्याला बरं वाटतं, पण 42 डिग्रीत भरलेला ग्लास दहा मिनिटांत कोमट होतो. थोडी थोडी ओता, बाटली परत बर्फात. ग्लास दांडीला धरा. आधी वास घ्या, मग जरा फिरवा आणि परत घ्या. शेनिनमध्ये पेरू, नासपती, कधी मध. सॉविन्योंमध्ये हिरव्या ढोबळी मिरचीचा आणि कापलेल्या गवताचा वास येतो, तो कल्पनेचा खेळ नाही, ढोबळी मिरचीत जे पायराझिन नावाचं द्रव्य असतं तेच ह्या द्राक्षातही असतं.

जेवणासोबत

इथे मला भरभरून बोलायचंय. इंटरनेटवर सगळीकडे चीज आणि मासे लिहिलेले असतात, मी म्हणतो भरीत. बामणोदची पांढरट-हिरवी लांब वांगी तुरीच्या काड्यांवर भाजलेली, बडग्याने ठेचलेली हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, वरून तेल, सोबत कळण्याची भाकरी. ह्याच्यासोबत थंड सॉविन्यों. भरितातला धूर आणि तेल जिभेवर बसतं आणि वाइनचा आंबटपणा ते लिंबासारखं कापतो, पातीचा हिरवा वास आणि वाइनचा हिरवा वास एकमेकांना ओळखतात. हिवाळ्यात भरीत पार्टीला शेतात हे करून बघा, मिरची मात्र नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवा.

कारण तिखटाचं गणित वेगळं आहे. अल्कोहोल तिखट वाढवतं. शेवभाजी किंवा काळ्या मसाल्याचा पाटोड्यांचा रस्सा असेल तर कोरडी (म्हणजे गोडवा नसलेली) सॉविन्यों घेऊ नका, जीभ भाजते आणि वाइन कडू वाटते. तिथे गोडसर शेनिन, तीही जास्त थंड, 8 डिग्रीच्या आसपास. तो थोडासा गोडवा मिरचीला शांत करतो. बऱ्याच लोकांना गोडसर वाइन म्हणजे कमी दर्जाची वाटते, पण आपल्या खान्देशी तर्रीसमोर तीच टिकते, मी दोन्ही समोरासमोर ठेवून खूपदा बघितलंय.

वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी, वर तुपाची धार, ह्याला कोरडी शेनिन फार सुंदर लागते, तूप जड होत नाही. उडदाच्या डाळीसोबतही तसंच. मटणाच्या रश्श्याला व्हाइट नको, उगाच दोघांचं नुकसान.

आणि पुरणपोळीसोबत साधी व्हाइट कधीच नको. गोड पदार्थापेक्षा वाइन कमी गोड असली की ती एकदम आंबट लागते, आमरसाचंही तेच. त्यासाठी लेट हार्वेस्ट मिळते, द्राक्ष वेलीवर जास्त दिवस ठेवून साखर वाढवलेली, बहुतेक छोट्या बाटलीत, ती घ्या. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आमच्या घरी खापरावरच्या पुरणाच्या पोळ्या असतात पण पूजेच्या दिवशी वाइन काढत नाही, आईला आवडत नाही आणि तिचं बरोबर आहे. दुसऱ्या दिवशी उरलेल्या पोळीसोबत काढतो. मोठ्या माणसांसमोर प्यायचं की नाही हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न, आमच्याकडे मामांसमोर चालतं कारण ते स्वतः ग्लास नाकाला लावून ब्रिक्सचा अंदाज सांगतात.

उरली तर

झाकण लावून लगेच फ्रीजमध्ये, तीन दिवस चांगली राहते. अर्ध्यापेक्षा कमी उरली असेल तर छोट्या स्वच्छ काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून ठेवा, हवा कमी तितकी ती जास्त टिकते. व्हिनेगरसारखा वास यायला लागला की ओतून द्या.

तळाशी किंवा बुचाला साखरेसारखे पांढरे खडे दिसले तर घाबरू नका, ते टार्टारिक ॲसिडच्या क्षाराचे खडे असतात, फ्रीजच्या थंडीने तयार होतात, पोटात गेले तरी काही होत नाही. घरच्या छोट्या वायनऱ्यांच्या बाटल्यांत ते जास्त दिसतात कारण सगळेच ती वाइन आधी गोठणबिंदूपर्यंत थंड करून गाळत नाहीत. पण ओल्या पुठ्ठ्याचा, कुबट वास आला तर ते बूच खराब निघालंय, त्यात तुमची चूक नाही. अशी बाटली ओतून देऊ नका, तशीच बंद करून लेबलचा आणि लॉट नंबरचा फोटो काढा आणि मळ्यावर फोन करा. मी दोनदा केलाय, एकदा त्यांनी पुढच्या खेपेला बाटली बदलून दिली आणि त्या लॉटच्या उरलेल्या सगळ्या पेट्या उघडून तपासल्या.